घोड्यावरचा शर्ट

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाषण करण्याची माझी ही पहिलीच वेळ. शिक्षण सातवीपर्यंत झालेले. हळदीकुंकवाला चार जणींत बोलणे निराळे आणि असे उभे राहून बोलणे निराळे, म्हणून मी चिटणीसबाईंना नाहीच म्हणत होते. पण त्या म्हणाल्या, "तुम्ही भाचीसाठी तो घोड्यावर बसायचा शर्ट शिवलात, त्याची हकीकत सांगा. आपल्या शिवणवर्गात शिकलेल्या बाईने शिवलेला आहे तो." हे मात्र मला खोडता येईना. टीप सरळ कशी घालायची हे मी खरोखरच ह्या मंडळात, मागच्या खोलीतल्या पायमशीनवर शिकले. तेव्हा जे घडले ते सांगते. चुकेल तिथे सांभाळून घ्या.

घोडा म्हटला की आपल्याला वरातीची घोडी आठवते. तरी हिंगोलीला घोडा नवा नाही. रिसाला, पलटण, तोफखाना ही नावे आपण रोज घेतो, ती उगीच पडलेली नाहीत. निजामाच्या राज्यात इथे फौजेची छावणी होती, आणि रिसाला म्हणजे घोडदळ. १९०३ साली ती फौज इंग्रजांच्या हिंदुस्थानी सैन्यात मिळवून टाकली. घोडे गेले, नावे राहिली. आता घोडे पाहायचे तर मार्गशीर्षात माळेगावला खंडोबाच्या यात्रेला जावे, किंवा लांब तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीला जावे. माळेगावला मी लहानपणी वडिलांबरोबर गेले होते. गाढवे, खेचरे, घोडे, सगळा बाजार पाहिला. पण घोड्यावर बसलेली बाई त्या वेळी एकही पाहिली नाही.

माझा भाऊ नोकरीनिमित्त पुण्याला असतो. त्याची मुलगी, म्हणजे माझी भाची, ज्या शाळेत शिकते तिथे मुलींना घोड्यावर बसायला शिकवतात. हे ऐकून पहिल्यांदा मलाही नवल वाटले. पण पुण्याजवळ कासारआंबोलीला मुलींची सैनिकी शाळा आहे, राणी लक्ष्मीबाईच्या नावाची. आणि खडकवासल्याच्या प्रबोधिनीत, जिथे पूर्वी मुलगेच घेत, तिथे २०२२ साली मुलींची पहिली तुकडी दाखल झाली आणि २०२५ च्या मे महिन्यात ती शिकून बाहेरही पडली. भाचीच्या डोक्यात तेच आहे. नववीत असल्यापासून ती खडकवासल्याचे नाव घेते.

२०२४ च्या दिवाळीला ती आमच्याकडे आली. नेहमी बडबड करणारी पोर, पण ह्या वेळी गप्प. चकल्या पाडताना मी विचारले, "घोडा काय म्हणतो?" तर म्हणाली, "आत्या, मी सोडणार आहे." कारण सांगेना. रात्री अंथरुणावर पडल्यावर सांगितले. जानेवारीत त्यांच्याकडे घोड्यांचे प्रदर्शन असते, पालक आणि पाहुणे येतात. त्याच्या तयारीला घोडा अडथळ्यावरून उडवायचा होता. हिने उडवला, आणि खाली उतरते तो छातीवरचे एक बटण निघालेले, मागून शर्ट पाठीवर चढलेला. दोन्ही हातांत लगाम, सावरणार कशाने? कुंपणाशी काही पोरे उभी होती, ती हसली. एकाने मोबाईल वर धरला. पुढे काय झाले ते तिने सांगितले नाही, मीही विचारले नाही. माझा भाऊ म्हणाला होता, "बरेच झाले, अभ्यासाला वेळ मिळेल." वहिनी गप्प राहिली.

भगिनींनो, इथे माझी एक गोष्ट मध्येच सांगते. आमच्या खेड्यात शाळा सातवीपर्यंत. आठवीसाठी चार किलोमीटरवर जावे लागे. भावाची सायकल होती, ती मी शिकले होते. एक दिवस परतताना परकर साखळीत अडकला, फाटला आणि मी ऐन पारासमोर पडले. पारावर माणसे बसली होती. कुणी उठवायला आले नाही, हसायला मात्र आले. घरी आजोबा म्हणाले, उद्यापासून सायकल बंद. सायकल बंद म्हणजे शाळा बंद. आठवीत मी जेमतेम पंधरा दिवस बसले. एवढे वर्ष झाले, पण त्या परकराचा रंगसुद्धा मला आठवतो. हिरवा होता. त्यामुळे भाची अंधारात "सोडणार" म्हणाली तेव्हा मला झोप लागली नाही. सकाळी उठून मी तिचा तो शर्ट मागितला आणि उजेडात धरून पाहिला.

शर्ट बाजारचा, तयार मिळालेला. मुलग्यांच्या बेताचा. समोर एकही टक नाही, छाती आणि कंबर एका रुंदीची. अशा शर्टात छातीला बसेल असे माप घेतले तर कंबरेला पोते होते आणि कंबरेला बसेल असे घेतले तर छातीची बटणे ताणतात. हे आपल्याला ब्लाउजवरून ठाऊक आहे. टक कशाला असतात मग? पण घोडेस्वारीच्या कपड्याचा बेत निराळा असतो हे भाचीने मोबाईलवर दाखवले. तिकडे अमेरिकेत गुराखी लोकांच्या पद्धतीची घोडेस्वारी चालते आणि तिची प्रदर्शने भरतात. त्यात अंगावर कोट नसतो, शर्टच दिसतो. म्हणून तिथल्या बायका अगदी अंगासरशी शिवलेला शर्ट घालतात. खांद्याला दुहेरी पट्टी, ती पुढे टोकदार, कॉलर ताठ, मनगटाला रुंद कफ, आणि बाहेरून काज नाही की बटण नाही. पुष्कळदा समोर चेन असते आणि ती पट्टीखाली झाकलेली. भाचीच्या शाळेच्या प्रदर्शनातही एका भागात कोट नव्हता, नुसता शर्ट. "असला शर्ट मिळाला तर?" मी म्हटले. ती म्हणाली, "आत्या, परदेशातून मागवायचा तर कितीतरी हजार." मी म्हटले, "मागवायचा कशाला? कापड आण."

आमच्या सासूबाई ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "मुलीच्या जातीला असला अंगासरशी शर्ट? सैल शिव, सैल. सगळे झाकून राहते." घरात पुष्कळांचे मत तेच पडले. मलाही आधी तसेच वाटले. पण विचार केला की तिचा फजितीचा शर्ट सैलच तर होता. घोडा पळताना सैल कापडात वारा भरतो, ते फुगते, उडते, कमरेतून सुटते. आपल्याकडच्या बायका पूर्वी घोड्यावर बसत त्या काय सैल बसत? नऊवारीचा काष्टा घट्ट कसलेला, पदर कमरेला खोवलेला. गोऱ्यांच्या देशात त्या काळी बायकांना पायघोळ झगे घालून दोन्ही पाय एका अंगाला टाकून बसावे लागे, आणि आपल्या काष्ट्याने बायकांना घोड्यावर मांड टाकता येई. साहेब लोकांनी घोड्यावर बसायची विजार उचलली तीही जोधपूरची. १८९७ साली राणी व्हिक्टोरियाच्या समारंभाला सर प्रताप सिंग गेले तेव्हा ती तिकडे पोचली असे सांगतात. म्हणजे घट्ट कपडा हा काही अलीकडचा चाळा नव्हे. असो.

पहिला शर्ट मी पॉपलिनचा बेतला. मापे घेतली: छाती ३४, कंबर २८, सीट ३६, पाठीची रुंदी १४, बाही २२, लांबी २६. समोर ब्लाउजला घालते तसे टक घातले. मुंढा मात्र मोकळा ठेवला, हात हलायला बरा म्हणून खाली अर्धा-पाऊण इंच खोल कापला. आरशापुढे उभी केली तर शर्ट असा बसला की मीच माझ्यावर खूश. भाचीही हसली.

आमच्या गल्लीत मामू राहतात, त्यांची वरातीची घोडी आहे. त्यांचे पणजोबा रिसाल्यात होते असे ते सांगतात. मी म्हटले, एकदा बसून पाहावे. मामूंनी घोडी आणली, भाची वर बसली, लगाम धरायला हात पुढे केले आणि मामूंनी सांगितले तशी पुढे वाकली. लगेच मागून शर्ट चार बोटे वर आला. ताठ बसली तर खांदे मागे गेले आणि समोर दोन बटणांमध्ये फट पडली. मग पुन्हा वाकताना पाठीवर टर्रकन आवाज झाला. माझी टीप उसवली. गल्लीतल्या बायका जमल्या होत्याच. मामू मला म्हणाले, "ताई, माप घरात घेतले होय? पोरगी बसणार तर घोड्यावर आहे."

साधी गोष्ट, पण ती माझ्या ध्यानात आली नव्हती. आपण माप नेहमी उभ्याने, हात खाली सोडून घेतो. म्हणून घोडीवर बसवूनच मी पुन्हा टेप लावला. हात पुढे केले की तिची पाठ १४ ची १६ होत होती. कोपर दुमडले की बाही २२ ची साडेतेवीस लागत होती. मानेपासून कमरेपर्यंत मागची लांबी वाकल्यावर दोन इंच वाढत होती. म्हणजे हा शर्ट दोन उलट्या गोष्टींसाठी शिवायचा होता. ताठ बसल्यावर समोर फट पडता कामा नये आणि वाकल्यावर मागे ताणता कामा नये. उभ्या मापाचा शर्ट ह्यांतले एकही करीत नाही. खडूने घोडीच्या पाठीवरच खुणा केल्या. शेवटी खडू संपला तेव्हा एकीने आपल्या मुलाच्या पाटीचा तुकडा आणून दिला.

आता मुंढ्याची गोष्ट सांगते, कारण ह्यात मी सर्वांत जास्त चुकले होते आणि आपल्यातल्या पुष्कळ जणी चुकतात. हात अडकतो म्हणून आपण मुंढा खोल करतो. पण मुंढा खोल झाला की बाहीची आणि अंगाची शिवण बगलेपासून खाली जाते, आणि हात उचलला की बाही सबंध शर्टाला बरोबर घेऊन वर जाते. तुम्ही दोरीवर कपडे वाळत घालता तेव्हा कुठला ब्लाउज वर चढतो, आठवून पाहा. खोल मुंढ्याचाच चढतो. नीट बगलेत बसलेल्या मुंढ्याचा ब्लाउज जागचा हलत नाही. तेव्हा शर्टाचाही मुंढा वर पाहिजे. मी तो पाऊण इंच वर घेतला. पण मुलगी म्हणाली, "आत्या, आता बगलेत काचते."

इथे सासूबाई कामी आल्या. सैल शिव म्हणणाऱ्या त्याच. जपमाळ बाजूला ठेवून म्हणाल्या, "चौबगला घाल की!" मला शब्दच माहीत नव्हता. त्यांनी सांगितले, मामंजींच्या जुन्या बंडीला बगलेत एक चौकोनी तुकडा असे, कोन खाली करून लावलेला. त्याला चौबगला म्हणत. शेतात बैल हाकताना, मोट ओढताना हात वर गेला तरी बंडी फाटत नसे. त्यांनी स्वतः कितीतरी बंड्या हाताने शिवल्या आहेत. मग आम्ही दोघी बसलो. जुनी चादर फाडून नमुन्याचा शर्ट बेतला. साडेतीन इंचांचा चौकोन, उरेब कापलेला, चारही बाजूंना अर्धा इंच माया धरून. टोक बसवणे फार नाजूक काम आहे, सुई थेट कोपऱ्यात थांबवून कापड वळवावे लागते. माझ्या हातून दोनदा सुरकुती आली, तेव्हा सासूबाईंनी ऐंशीच्या घरातल्या हाताने धावदोरा घालून दिला आणि मी त्यावर टीप मारली. आजकाल कुणी चौबगला घालत नाही, तयार कपड्यांत तो महाग पडतो. पण मोठ्या कंपन्या ताणणारे कापड वापरून जे साधतात ते आपल्याकडचे शिंपी कैचीच्या जोरावर साधत होते.

शिंप्यांचे नाव निघाले म्हणून सांगते. नामदेव महाराज आपल्याच जिल्ह्यातल्या नर्सीचे, शिंप्याच्या घरातले. नर्सीला दर्शनाला गेले की माझ्या मनात हमखास येते, त्यांच्या घरातल्या बायकांचा हात शिवणीत कसा असेल! त्यांच्या सुईला मात्र कुणी विचारले नाही.

बाकीचे थोडक्यात. पाठीला शोल्डरपट्टीखाली दोन्ही कडांना एकेक चुणी ठेवली, पोलिसांच्या शर्टाला असते तशी. हात मागे असला की मिटते, पुढे गेला की उघडते. कमरेवर मागे दोन लांब टक, दोन्ही टोकांना निमुळते. समोर टक काढून टाकले आणि खांद्यापासून खाली सरळ कापून प्रिन्सेस कट केला. छातीचा आकार शिवणीतच बसला आणि ताण उरला नाही. पुढची लांबी ३०, मागची ३२. एवढे विजारीत गेले तर बाहेर येत नाही. मध्ये एक युक्ती मला सुचली होती की पुढच्या-मागच्या टोकांना पट्टी लावून खाली पायांमधून अडकवावी, तान्ह्या मुलाच्या झबल्यासारखी. भाचीने ऐकून कपाळावर हात मारला. "आत्या, दिवसभर मैदानात असतो, लघवीला कशी जाऊ?" तो बेत तिथेच मोडला. त्याऐवजी विजारीच्या कमरपट्टीला आतून रबरी धाग्यांची पट्टी लावली, शिंपी ज्याला ग्रिपर म्हणतात. शर्ट त्याला धरून राहतो.

समोर चेन की टिचबटण, हा वाद दोन दिवस चालला. गुराखी शर्टांना टिचबटणे लावायची चाल अमेरिकेत डेन्व्हर गावच्या जॅक वाइल ह्या कपडेवाल्याने रूढ केली. १९४६ साली त्याने आपली कंपनी काढली होती. त्यात गंमत एवढीच नाही की ती चटकन लागतात. त्यांच्या खोगिराला पुढे एक शिंग असते. शर्ट त्याला अडकला तर टिचबटण पटकन सुटते आणि स्वार फरफटत जात नाही. हे भाचीने वाचून दाखवले तेव्हा मला त्या वाइलसाहेबाचे कौतुक वाटले. पण आपल्या पोरीची अडचण नेमकी बटण सुटण्याचीच होती. शिवाय तिच्या शाळेतल्या खोगिरांना ते शिंग नाही. म्हणून गळ्यापासून दोन इंच खाली ते पोटापर्यंत चेन घातली, वर बटणपट्टी झाकून घेतली आणि टिचबटणे फक्त कॉलरला आणि कफांना लावली. चेनीच्या आतून अस्तराची पट्टी घ्यायला विसरू नका, नाहीतर उन्हात तापून चटका लागतो.

चादरीचा नमुना घालून भाची पुन्हा घोडीवर बसली. मामूंनी तिला गल्लीच्या टोकापर्यंत चालवली, मग दुडक्या चालीवर नेली. तिने वाकून घोडीच्या मानेला हात लावला, मागे वळून पाहिले, दोन्ही हात डोक्यावर नेले. शर्ट हलला नाही. त्या वेळी तिच्या अंगावर निळ्या फुलांची चादर होती, आणि चादरीवरही ती राणीसारखी दिसत होती. सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या, "सगळे झाकलेले आहे की गं." मी काही बोलले नाही.

खरा शर्ट ती पुण्याला गेल्यावर शिवला. कापड सुतीच, पण त्यात लायक्रा मिसळलेला, आकाशी रंगाचा. पांढरा घेतला नाही, घामाने अंग दिसते. दुकानदार म्हणाला, "ताणणारे कापड आहे ताई, बेत कसाही चालेल." असे मुळीच नाही. चुकलेल्या बेतावर ताणणारे कापड आक्रसून वर चढते आणि वरच राहते. ह्या कापडाचे तीन नियम मी चुकतमाकत शिकले. बेतण्याआधी ते भिजवून वाळवावे. ज्या अंगाने जास्त ताणते ते अंग आडवे घ्यावे, म्हणजे छातीभोवती. आणि सुई गोल टोकाची लावावी, नाहीतर टीप मध्ये सुटत जाते. साध्या मशीनवर शिवताना कापड किंचित ताणून धरले तर शिवण तुटत नाही. चौबगला ह्यातही घातला, जरा लहान, तीन इंचांचा. पावणेदोन मीटर कापड लागले. चेन, टिचबटणे, कॉलरचे बकरम धरून पाचशेच्या आत खर्च आला. माझी मजुरी धरलेली नाही. आमच्याकडच्यांनी विचारले, "ह्याचे किती घेणार?" म्हटले, "भावाकडून दिवाळीची ओवाळणी बाकी आहे, तीत वळती करा."

ट्रॅव्हल्सच्या गाडीने शर्ट पुण्याला पाठवला. प्रदर्शनाला मी गेले नव्हते. संध्याकाळी वहिनीचा फोन आला. भाचीने दोन अडथळे पाडले, नंबर आला नाही, पाचवी की सहावी आली. मी विचारले, "आणि शर्ट?" वहिनी म्हणाली, "अहो वन्सं, शर्टाकडे कुणी पाहिलेच नाही." मग भाचीने फोन घेतला आणि अर्धा तास घोड्याबद्दल सांगत राहिली: कुठल्या अडथळ्याला तो बुजला, कुठे तिने लगाम उगीच ओढला. शर्टाचा तिला विसर पडला होता. शेवटी मीच म्हटले, "अगं, टीप उसवली का कुठे?" तर म्हणाली, "कुठली टीप?"

शाळा बदलायची भाषा भावाने पुन्हा काढली नाही. त्याने एकदाच विचारले की आत्याला आणखी दोन शर्ट शिवायला जमतील का, हिच्या मैत्रिणींना हवे आहेत. पैसे देऊन, म्हणाला. ते शर्ट मी शिवले आणि मजुरी घेतली, त्यातून मंडळाच्या मशीनला नवा पट्टा आणला आहे. चिटणीसबाईंनी तो हिशेबात लिहिला आहे.

भाचीने टीव्हीवरची बातमी मला पुन्हा पुन्हा दाखवली आहे. २०२३ साली चीनमध्ये हांगझोऊला आशियाई खेळ झाले, त्यात आपल्या घोडेस्वारांनी ड्रेसाज ह्या प्रकारात सांघिक सुवर्णपदक घेतले. घोडेस्वारीत एक्केचाळीस वर्षांनी आलेले सोने. चौघांत दोन मुली होत्या, सुदीप्ती हजेला आणि दिव्याकृती सिंग. भाची त्यांचे घोडे पाहते आणि मी त्यांच्या कोटाचे खांदे पाहते. खांद्याला एक सुरकुती नाही! कुणी शिवले असतील, ते मात्र बातमीत सांगत नाहीत.

आता ह्या सुट्टीत भाची पुन्हा आली आहे. तिची छाती इंचभर वाढली आहे आणि खांदे लगाम धरून धरून रुंद झाले आहेत. बेतताना मी बाजूंना दोन्हीकडे इंच इंच माया ठेवली होती, ती आता उसवून सोडायची आहे. चौबगला मात्र नवा कापावा लागेल. ते काम सासूबाईंच्या डोळ्यांना आता जमत नाही, म्हणून मलाच करायचे आहे.

ह्या शर्टाचा कागदी बेत मी जुन्या वर्तमानपत्रांवर काढून ठेवला आहे, तीन मापांत, ३२, ३४ आणि ३६. तो मंडळाच्या कपाटात आहे. घोड्यावर बसायला नको, पण शेतात काम करणाऱ्या, सायकलवर शाळेत जाणाऱ्या, कबड्डी खेळणाऱ्या मुलींनाही तो चालेल. मी आमच्या शेजारणीच्या मुलीला सायकलसाठी एक शिवूनही दिला आहे. कुणाला हवा असेल त्यांनी घेऊन जावा. मात्र बेतून झाला की परत आणून ठेवावा, मागच्या वेळी ब्लाउजचा बेत गेला तो अजून आलेला नाही.